आउटपुटची जोडी पुन्हा पुन्हा का जळते?

श्रोतेहो, नमस्कार.

लग्नाच्या मंडपातला किंवा गॅदरिंगच्या स्टेजवरचा अ‍ॅम्प्लिफायर बंद पडला की मेकॅनिक झाकण काढून आधी आउटपुटचे पॉवर ट्रान्झिस्टर तपासतो. बहुतेक वेळा तेच शॉर्ट झालेले असतात. नवी जोडी बसते, आवाज येतो, आणि पुढच्याच कार्यक्रमात तीही जाते. मग दोष ट्रान्झिस्टरच्या माथी मारला जातो. खरं कारण अनेकदा दोन-चार इंच अलीकडे, एखाद्या छोट्या भागात असतं. ते कुठे शोधायचं, ते आज सर्किटच्या वाटेने जाऊन पाहू.

उदाहरणाला ८ ओहमच्या स्पीकरवर १०० वॉट देणारं, क्लास एबी प्रकारचं, म्हणजे आउटपुटचे दोन ट्रान्झिस्टर आळीपाळीने काम करतात असं, सर्किट घेऊ. ट्रान्सफॉर्मर ३५-०-३५ व्होल्टचा. एसीचं डीसी करणाऱ्या ब्रिज रेक्टिफायरनंतर, १०,००० मायक्रोफॅरड ६३ व्होल्टच्या दोन कपॅसिटरवर साधारण अधिक ४८ आणि उणे ४८ व्होल्ट मिळतात. हे कपॅसिटर सुकले की १०० हर्ट्झची घरघर ऐकू येते. व्हॉल्यूम शून्यावर नेऊनही ती तेवढीच राहिली तर आधी या कपॅसिटरवर संशय घ्यावा. व्हॉल्यूमबरोबर कमीजास्त होत असेल तर इनपुटची वायर आणि अर्थिंग तपासावं.

आता पुढचे टप्पे. आजच्या बहुतेक अ‍ॅम्प्लिफायरची तीन टप्प्यांची रचना आरसीए कंपनीतल्या एच. सी. लिन यांनी १९५६ मध्ये मांडलेल्या सर्किटवरून आली आहे. ट्रान्झिस्टरला बेस, कलेक्टर आणि एमिटर असे तीन पाय असतात. पहिल्या टप्प्यात दोन छोटे ट्रान्झिस्टर एमिटर एकत्र जोडून बसवलेले असतात. एकाच्या बेसवर बाहेरून आलेला सिग्नल, दुसऱ्याच्या बेसवर आउटपुटमधून परत आणलेला हिस्सा. दोघांत फरक पडला की तो दुरुस्त होईल अशा दिशेने पुढचा टप्पा हलतो. हाच निगेटिव्ह फीडबॅक. बेल लॅब्जमधल्या हॅरल्ड ब्लॅक यांना १९२७ मध्ये सुचलेला. परतीच्या वाटेवर २२ किलोओहमचा रेझिस्टर, आणि तिथून जमिनीकडे १ किलोओहम असेल, तर अ‍ॅम्प्लिफायर सिग्नल २३ पट करतो. म्हणजे सव्वा व्होल्ट आत, सुमारे २८ व्होल्ट बाहेर. ८ ओहमवर १०० वॉट.

त्या १ किलोओहमच्या मागे साधारण १०० मायक्रोफॅरडचा एक कपॅसिटर असतो. त्याची क्षमता आटून २ मायक्रोफॅरड उरली तर ८० हर्ट्झखालचा खर्ज गळायला लागतो, आणि लोक स्पीकर बदलत बसतात. आणि २२ किलोओहमचा पाय ड्राय सोल्डरने सुटला तर तुलनाच संपते. आउटपुट थेट ४८ व्होल्टच्या एका टोकाला जाऊन चिकटतं. पहिल्या ट्रान्झिस्टरपासून आउटपुटपर्यंत मध्ये डीसी अडवणारा एकही कपॅसिटर नाही. त्यामुळे एका टोकाचा बिघाड दुसऱ्या टोकाला जाळतो, हे इथे पक्कं ध्यानात ठेवावं.

दुसरा टप्पा व्होल्टेज वाढवणारा. त्याच्या कलेक्टर आणि बेसमध्ये ४७ ते १०० पिकोफॅरडचा इवलासा कपॅसिटर असतो. तो तुटला तर सर्किट कानाला न ऐकू येणाऱ्या वारंवारतेवर स्वतःच डोलू लागतं. आवाज ठीक वाटतो, पण आउटपुटजवळचा १० ओहमचा रेझिस्टर, जो ०.१ मायक्रोफॅरडच्या सोबतीने बसवलेला असतो, काळा पडतो. तो काळा दिसला की हेच कारण आधी डोक्यात यावं.

आता तिसरा टप्पा, सगळ्यात नाजूक जागा. ड्रायव्हर, म्हणजे आउटपुटला चालना देणारे ट्रान्झिस्टर, आणि आउटपुट मिळून चार जंक्शन. प्रत्येकाला ०.६ व्होल्ट, म्हणजे त्यांच्या बेसमध्ये सुमारे २.४ व्होल्ट कायम हवेत. कमी पडले तर हळू आवाजात बोलणं खरखरीत येतं. हे व्होल्टेज म्हणजे बायस. ते एक छोटा ट्रान्झिस्टर आणि एक प्रीसेट, म्हणजे फिरवून बदलता येणारा छोटा रेझिस्टर, मिळून ठरवतात. सिलिकॉनचं जंक्शन दर अंशाला सुमारे २ मिलिव्होल्ट कमी मागतं. हीट सिंक, म्हणजे ट्रान्झिस्टरची उष्णता बाहेर टाकणारा धातूचा तुकडा, ३० अंशांवरून ७० वर गेला आणि बायस तसाच राहिला, तर स्थिर, म्हणजे सिग्नल नसतानाचा, प्रवाह ५० मिलिअँपिअरवरून २०० च्या पुढे जातो. ९६ व्होल्टवर ही जवळजवळ २० वॉट उष्णता झाली, तीही गाणं न वाजवता. त्याने आणखी तापतं, प्रवाह आणखी वाढतो, आणि जोडी जाते. म्हणूनच तो छोटा ट्रान्झिस्टर हीट सिंकला घट्ट टेकलेला असतो. दुरुस्तीत तो सुटून लोंबकळत राहिला, तर नवी जोडी टिकणार नाही.

उष्णतेबद्दल आणखी एक. सर्वांत जास्त ताप पूर्ण आवाजाला नसतो. आपल्या सर्किटमध्ये आउटपुट ५८ वॉट देत असताना ट्रान्झिस्टरही मिळून ५८ वॉट गिळतात. ४ ओहमचा भार जोडला की तोच आकडा दुप्पट. ८ ओहमसाठी बनवलेल्या अ‍ॅम्प्लिफायरवर समांतर स्पीकर वाढवत जाऊ नका, ही कळकळीची विनंती.

दुरुस्तीला बसताना, सप्लाय काढून, कपॅसिटर १०० ओहम १० वॉटच्या रेझिस्टरने रिकामे करा; स्क्रूड्रायव्हरने शॉर्ट करू नका. ५२०० आणि १९४३ ही आउटपुट ट्रान्झिस्टरची जोडी बदलताना ड्रायव्हर, ०.२२ ओहमचे एमिटर रेझिस्टर आणि बायसचा ट्रान्झिस्टर मोजल्याशिवाय पुढे जाऊ नका. नकली ५२०० बाहेरून ओळखू येईलच असं नाही. आतली चिप लहान असते, हळू आवाजात चालतो आणि जोर लावला की फुटतो. ट्रान्झिस्टर आणि हीट सिंकमधली अभ्रकाची चकती फाटकी असेल तर नवी घाला, हीट सिंक कंपाउंडचा थर पातळ ठेवा.

मग स्पीकर न जोडता, मेन्सच्या वायरमध्ये १०० वॉटचा साधा, तारेचा बल्ब सिरीजमध्ये लावून चालू करा. बल्ब क्षणभर उजळून मंद झाला तर ठीक. तसाच पेटलेला राहिला तर लगेच बंद करा, कुठेतरी शॉर्ट आहे. आउटपुटवर डीसी ५० मिलिव्होल्टच्या आत हवं. ४८ व्होल्ट स्पीकरवर गेले तर कॉइल जळेल, म्हणून ही मोजणी झाल्याशिवाय स्पीकर जोडूच नये. प्रीसेट सर्वांत कमी बायसच्या टोकाला ठेवून सुरुवात करा; ते टोक कुठलं, हे सर्किट पाहून ठरवा. बल्ब काढल्यावर एका ०.२२ ओहमवर ११ मिलिव्होल्ट येईपर्यंत तो सावकाश फिरवा. म्हणजे ५० मिलिअँपिअर झाले. अर्धा तास वाजवून, हीट सिंक गरम असतानाच, सिग्नल बंद करून तेच ११ मिलिव्होल्ट पुन्हा मोजा. आकडा चढतच राहिला तर बायसचा ट्रान्झिस्टर हीट सिंकला नीट टेकलेला नाही.