लाईटच्या वायरीतून इंटरनेट: मामाच्या वाड्यात लावून बघितलं

राम राम मंडळी. आधी ही भिंत बघा.

(हात खिडकीत घालून)

कोपरापर्यंत हात आत घातलाय, तरी बोटं पलीकडं निघाली नाहीत. अडीच फूट जाडी. दगड, माती आणि वरून चुना. अंबाजोगाईतला माझ्या मामाचा वाडा आहे हा. भर मे महिन्यात आत येऊन बसलं की रांजणात बसल्यासारखं गार वाटतं. पण वायफायचं विचाराल तर ह्या भिंतीपुढं त्याची काही डाळ शिजत नाही.

झालं असं, फायबरवाला आला, ढाळजेपर्यंत, म्हणजे दारातून आत आल्यावरच्या बसायच्या ओसरीपर्यंत, वायर आणली, तिथंच खिळा ठोकून राउटरचा डबा टांगला आणि गेला. मामा ढाळजेत बसून दिवसभर कीर्तनं बघतात, त्यांचं झकास चालायलंय. पण चौक ओलांडून मागं गेलं की नवीन स्लॅबची खोली आहे आणि तिथं माझी मामेबहीण नीटचा अभ्यास करते. वर्षभर लातूरला होती, आता दुसऱ्यांदा परीक्षा द्यायची म्हणून घरी बसून ऑनलाइन टेस्ट सोडवते. प्लॅन १०० एमबीपीएस वेगाचा. ढाळजेत स्पीड टेस्ट केली, ९४. तिच्या खोलीत केली, ३. आणि तेही दार उघडं ठेवून.

रिपीटर, म्हणजे वायफायचा सिग्नल झेलून पुढं सोडणारा डबा, आणून झाला होता. चौकातल्या खांबाला लावला. पण रिपीटरला जे मिळतं तेच तो पुढं देणार ना? चौकात सिग्नल पोचेपर्यंतच अर्धमेला झालेला, त्यात साधा रिपीटर एकाच रेडिओवर घेणार आणि त्याच रेडिओवर देणार, म्हणजे उरलेल्याचेही दोन वाटे. मामी म्हणाल्या, "ह्याचा दिवा तेवढा हिरवा लागतोय, बाकी काही नाही."

एक गोष्ट आत्ताच सांगून टाकतो, नाहीतर शेवटी शिव्या घालाल. तुमच्या घरात भिंतीला भोक पाडून साधी लॅनची केबल टाकता येत असेल, तर टाका आणि हा व्हिडिओ इथंच बंद करा. केबल १०० मीटरपर्यंत बिनबोभाट चालते आणि तिच्यापुढं बाकी सगळं दुय्यम आहे. फायबरवाल्याला गोड बोलून डबाच घराच्या मध्यावर बसवून घेता आला तर त्याहून उत्तम. पण इथं मामा आडवे आले. "आजोबांनी बांधलेल्या भिंतीला भोक पाडायचं नाही." विषय संपला. म्हणून मग पॉवरलाइन अडॅप्टर.

(दोन अडॅप्टर हातात)

हे असे जोडीनं येतात. एक राउटरजवळ बोर्डात लावायचा आणि छोट्या केबलनं राउटरला जोडायचा. दुसरा मागच्या खोलीतल्या बोर्डात. मधली केबल म्हणजे तुमच्या घरातली लाईटची वायर, जी भिंतीतून आधीच गेलेली आहे. मामांनी हे ऐकलं आणि पहिला प्रश्न, "लाईटच्या वायरीतून नेट? अरे, लेकराला करंट बसंल की!"

नाही बसत मामा. का नाही बसत, ते गोंधळात समजतं. आपल्याकडं लग्न झालं की तुळजाभवानीचा गोंधळ असतोच. संबळ दणदणत असतो आणि त्याच वेळी तुणतुण्याची ती एकच तार बारीक आवाजात चालू असते. दोन्ही एकाच हवेतून कानावर येतात, तरी कान दोन्ही वेगळे ओळखतो. वायरीतला लाईटचा करंट म्हणजे संबळ, सेकंदाला ५० वेळा हेलकावणारा, दांडगा, २३० व्होल्टचा. अडॅप्टरचा सिग्नल म्हणजे तुणतुणं, अगदी कमी ताकदीचा, पण सेकंदाला २० लाखांपासून २ कोटी ८० लाख वेळा थरथरणारा. म्हणजे २ ते २८ मेगाहर्ट्झ. नव्या पिढीचे अडॅप्टर तर ८६ मेगाहर्ट्झपर्यंत जातात. आत कपॅसिटर असतो, तो संबळाला अडवतो आणि तुणतुण्याला वाट देतो. त्यामुळं केबलच्या बाजूला लाईट येत नाही.

बरं, हे नवीन खूळ नाही. मोठ्या सबस्टेशनजवळ हाय टेन्शनच्या तारेवर पिंपासारखी मोठी गुंडाळी लटकलेली तुम्ही बघितली असेल. तिला वेव्ह ट्रॅप म्हणतात. एका सबस्टेशनातून दुसऱ्या सबस्टेशनाला फोन आणि निरोप त्याच तारेवरून जायचे, आणि तो सिग्नल भलतीकडं पळू नये म्हणून ती गुंडाळी. घरातल्या इंटरनेटसाठी हीच युक्ती २००१ च्या सुमारास बाजारात आली, तेव्हा कागदावर १४ एमबीपीएस. २००५ मध्ये २०० ची पिढी आली. तिनं सिग्नलचे नऊशेच्या वर बारीक धागे केले. ज्या धाग्यावर खरखर आहे तो सोडायचा, जो स्वच्छ आहे त्यावर जास्त माल लादायचा. वायर खराब असली तरी हे चालतं ते ह्याच हुशारीमुळं.

तर आता आमची फजिती.

पहिल्या दिवशी पुढचा अडॅप्टर मी एक्सटेन्शन बोर्डात लावला, कारण भिंतीतल्या बोर्डावर राउटर, टीव्ही आणि मामांचा मोबाईल असा मेळा भरलेला. मागं स्पीड आला ११. बहीण म्हणाली, "दादा, तीनाचे अकरा झाले, चाललं." मला काही पटलं नाही. एक्सटेन्शन बोर्ड काढला. त्यात स्पाइक गार्ड होता. स्पाइक गार्डचं कामच वायरीवरची बारीक थरथर मारणं, आणि आपलं इंटरनेट म्हणजे ती थरथरच! अडॅप्टर थेट भिंतीतल्या सॉकेटात लावला, ३४. टीव्ही गेला एक्सटेन्शनवर. स्टॅबिलायझर असेल तर त्याच्याही मागं लावू नका.

संध्याकाळी सात वाजता लाईट गेली.

आता बघा, आपल्याकडं लाईट जाणं ही काही बातमी नाही. घरात इन्व्हर्टर आहे, राउटर इन्व्हर्टरवर, पंखे इन्व्हर्टरवर. तरी मागचं नेट बंद. कारण मागच्या खोलीतला फक्त पंखा आणि एक बल्ब इन्व्हर्टरच्या लाईनवर होता, सॉकेट थेट महावितरणच्या लाईनवर. लाईट गेली की मागचा अडॅप्टरच मेला. आणि लाईट असतानाही सिग्नल इन्व्हर्टरच्या रिलेतून, फिल्टरमधून वळसा घेऊन जात होता, म्हणून बारीक होत होता. परदेशातले व्हिडिओ बघून हे कळायचं नाही, कारण त्यांच्या घरात इन्व्हर्टरची वेगळी लाईन नसते. तुम्ही अडॅप्टर घ्यायच्या आधी एक काम करा. मेन स्विच पाडा, इन्व्हर्टर चालू राहू द्या, आणि दोन्ही ठिकाणच्या सॉकेटात मोबाईलचा चार्जर लावून बघा. दोन्हीकडं चार्जिंग होत असेल तर दोन्ही एकाच लाईनवर आहेत, पुढं जा. नसेल तर वायरमन बोलवून मागं एक सॉकेट इन्व्हर्टरच्या लाईनवर घ्या. अडॅप्टर दोन-चार वॅटच खातो, बॅटरीवर ओझं होत नाही. फक्त इन्व्हर्टर जुन्या स्क्वेअर वेव्हचा असेल, तर बॅटरीवर असताना तो वायरीत एवढी खरखर सोडतो की स्पीड पडणारच. साइन वेव्हचा बरा.

वायरमन आला, सॉकेट बदललं. ४१. आणि जाता जाता त्यानं विचारलं, "फेज कितीचंय घर?" थ्री फेज. इथं दुसरा खड्डा आहे. ढाळज एका फेजवर आणि मागची खोली दुसऱ्या फेजवर असेल तर सिग्नल एका तारेवरून दुसऱ्या तारेवर नीट उडी मारत नाही. कधी थोडा झिरपतो, कधी अजिबात नाही. आमचं नशीब, इन्व्हर्टरची लाईन एकाच फेजची होती. पण गावाकडं एक सवय असते बघा, एक फेज गेला की किटकॅट, म्हणजे फ्यूज, काढून दुसऱ्या फेजवर टाकायचं. दुपारी नेट चांगलं होतं आणि संध्याकाळी कशानं गेलं, असं कुणी विचारलं की मी आधी हेच विचारतो, फेज कुणी बदलला का?

आता अर्थिंग. ह्यावर मी जरा जास्त बोलणार आहे.

चांगल्या प्रतीचे अडॅप्टर फेज, न्यूट्रल आणि अर्थ ह्या तिन्ही तारा वापरतात. दोन वाटांनी माल जातो, म्हणून स्पीड वाढतो. आमच्या जोडीला परदेशी पिन होती, दोन गोल पिना आणि अर्थ बाजूच्या पट्टीवर. आपल्या सॉकेटात ती आरामात बसते, पण त्या पट्टीला काहीच टेकत नाही. म्हणजे पैसे तीन तारांचे मोजले आणि वापरतोय दोन. बाजारातून तिसऱ्या पिनेचा, ती पट्टी पकडणारा कन्व्हर्टर आणला. तरी फरक शून्य.

वायरमन म्हणाला, अर्थिंग आहे कुठं? वाड्याच्या मागं तुळशीजवळ खड्डा होता. मीठ, कोळसा घालून कधीकाळी पट्टी पुरलेली. पण एप्रिलमधली काळी माती कशी असते ते तुम्हाला मी सांगायला नको. हात जाईल एवढ्या भेगा. कोरडी माती करंट घेत नाही, अर्थिंग नुसतं नावाला. त्याला पाणी घालावं लागतं. आणि आपल्याकडं २०१६ साली लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणलेलं सगळ्यांच्या लक्षात आहे, तिथं उन्हाळ्यात अर्थिंगच्या खड्ड्यात बादलीभर पाणी ओतायचं म्हटलं की घरातली बाई तुमच्याकडं कशी बघेल! मामींनी मार्ग काढला. कपडे खळबळलेलं शेवटचं पाणी त्या खड्ड्यात. पट्टीचा गंजलेला नट वायरमननं बदलला, आठवडाभर पाणी मुरलं, आणि स्पीड ५८ वर गेला. नेट राहू द्या बाजूला, मामांच्या घरात गीझर आणि वॉशिंग मशीन इतकी वर्षं अर्थिंगशिवाय चालत होतं हे ऐकून माझ्याच अंगावर काटा आला.

एक ताकीद. काही महाभाग सॉकेटातच न्यूट्रल आणि अर्थ एका तारेनं जोडून देतात, "झालं अर्थिंग". तसं करू देऊ नका. न्यूट्रल कुठं तुटला तर फ्रिजच्या अंगावर करंट येईल.

आता खरखर. मिक्सर चालू झाला की ५८ चे २२ होतात, बंद झाला की परत ५८. ब्रशवाली मोटार आहे, ठिणग्या पडतात, त्या थेट वायरीत. बोरची मोटार चालू होताना एक झटका येतो, मग ठीक. पण सगळ्यात लबाड निघाला एक साधा मोबाईल चार्जर, जत्रेत घेतलेला, अडॅप्टरच्या शेजारच्याच सॉकेटात. तो काढला तर चार-पाच एमबीपीएस वाढले. काही स्वस्त एलईडी बल्बही असाच त्रास देतात. एकेक बंद करून स्पीड बघा, चोर सापडतो.

खोक्यावर हजार लिहिलंय आणि ५८ वर मी खूश कसा, असं म्हणाल. खोक्यावरचा आकडा दोन अडॅप्टरांमधल्या कच्च्या वेगाचा, जायचा-यायचा सगळा धरून, प्रयोगशाळेतल्या वायरीवरचा. घरात त्याचा बारीक हिस्साच हाती येतो. आणि खोक्यावर ६०० लिहिलेल्या पुष्कळ अडॅप्टरांना लॅनचं पोर्टच १०० चं असतं! घेताना पोर्ट गिगाबिट, म्हणजे हजारचं, आहे का तेवढं विचारा.

शेजाऱ्याला आपलं नेट जाईल का? एकाच डीपीवर, म्हणजे गल्लीतल्या ट्रान्सफॉर्मरवर, दोन घरं असली तर सिग्नल थोडाफार मीटर ओलांडून जाऊ शकतो. म्हणून पेअरचं बटण आहे. आधी एका अडॅप्टरचं दाबा, मग दोन मिनिटांच्या आत दुसऱ्याचं. मग दोघांमध्ये १२८ बिटांचं कुलूप लागतं. बरेच जण हे करतच नाहीत, नुसतं लावलं की चालू होतं म्हणून.

आणि ज्यांनी विचारलंय, घरून आखाड्यावर, म्हणजे शेतातल्या वस्तीवर, असंच नेट नेता येईल का, त्यांना सरळ सांगतो, नाही. घर गावठाण फीडरवर (फीडर म्हणजे सबस्टेशनातून निघालेली वेगळी लाईन), शेत शेतीच्या फीडरवर, डीपी वेगळी. डीपीतून हा सिग्नल पलीकडं जात नाही, आणि शेतात लाईट कधी दिवसा तर कधी रात्री पाळीनं येते ते वेगळंच. आखाडा घरावरून नजरेच्या टप्प्यात असेल तर दोन्हीकडं छपरावर समोरासमोर वायरलेस डिश लावायच्या. ते पुढच्या व्हिडिओत, आमच्या चुलत्याच्या शेतात लावून दाखवतो.

वळवाचा पाऊस सुरू झालाय, विजा कडाडायला लागल्या की दोन्ही अडॅप्टर उपसून ठेवा. बहिणीची टेस्ट रोज दुपारी दोन ते पाच असते. मामी आता शेंगदाण्याची चटणी दोनच्या आत वाटून घेतात, आणि राहिलीच तर मागं हाक मारून विचारतात, "झालं का गं, लावू मिक्सर?"