चारचौघांतली भीती आणि तिच्या कुबड्या

नमस्कार. आजचा जाहीर विषय आहे 'चारचौघांत वावरण्याची भीती: रोजचा सराव'. सराव कसा करायचा ते सांगणारच आहे. त्याआधी एक करार करू. मी मधूनमधून प्रश्न विचारेन, पण हात कुणी वर करायचा नाही, उत्तर मनातच द्यायचं. ज्या सभेत भिडस्त माणसं मुद्दाम वेळ काढून आली आहेत, तिथे त्यांना उभं करून बोलायला लावणं मला पटत नाही.

आज मागच्या रांगा आधी भरल्या, पुढच्या दोन अजून रिकाम्याच आहेत. (हशा) हसलात ते बरं झालं, कारण दाराजवळची खुर्ची धरण्यातच आजच्या विषयाचा गाभा आहे. माझं म्हणणं एवढंच, की भीतीपेक्षा भीती लपवण्यासाठी आपण जे करतो, त्याने माणूस जास्त अडकतो. या लपवण्याच्या युक्त्यांना मी कुबड्या म्हणतो.

शेअर रिक्षाचं उदाहरण घ्या. स्टेशनवरून निघालेली, मागे तिघं बसलेले. तुम्हाला गल्लीच्या तोंडाशी उतरायचंय. म्हणायचं फक्त एवढंच, 'दादा, इथेच थांबवा.' पण दोन चौक आधीपासूनच मनात तालीम सुरू होते. 'थांबवा' म्हणू की 'घ्या बाजूला'? घशाला कोरड पडते. सुट्टे आधीच मुठीत धरलेले असतात, म्हणजे पैशांवरून बोलणं नको. आणखी कुणी तिथेच उतरेल अशी आशा असते. शेवटी आवाज निघतो तोही इतका बारीक, की इंजिनाच्या घरघरीत रिक्षावाल्याला ऐकूच येत नाही. तो मागे वळून 'काय?' म्हणतो, आणि आता खरोखरच तिघंही बघतात. पुढच्या वेळी ही व्यक्ती गप्प बसते, पुढच्या स्टॉपला उतरते आणि उन्हातून मागे चालत येते. चालताना मनात एकच वाक्य, 'सुटलो बुवा.' मनाने यातून धडा घेतला, की बोललो नाही म्हणून वाचलो. बोलल्यावर काय झालं असतं, हे तपासायची वेळच आली नाही.

ब्रिटनमधल्या डेव्हिड क्लार्क आणि एड्रियन वेल्स या मानसशास्त्रज्ञांनी 1995 साली हे सगळं नीट मांडलं. त्यांच्या मांडणीतला मला सर्वांत मोलाचा वाटणारा भाग असा, की ज्याची भीती वाटते तेच या कुबड्या घडवून आणतात. हात कापेल म्हणून चहाचा कप घट्ट आवळला की स्नायू ताणले जातात आणि हात जास्त कापतो. घाम दिसू नये म्हणून वरून जाकीट चढवलं की घाम आणखी फुटतो. चूक होऊ नये म्हणून प्रत्येक वाक्य आधी मनात जुळवत बसलं, की समोरच्याचं बोलणं निसटतं. मग उत्तर भलतंच जातं आणि समोरच्याला वाटतं, याला माझ्यात रस नाही. लग्नाच्या हॉलमध्ये मोबाईलमध्ये तोंड खुपसून बसलेल्याजवळ कुणी येत नाही. तो घरी जाताना म्हणतो, माझ्याशी कुणी बोललंच नाही.

दुसरा भाग लक्षाचा. भीती वाटली की लक्ष बाहेरून आत वळतं. छातीची धडधड, गालांची ऊब, आवाजातला कंप, सगळं आपल्याला आतून मोठ्याने ऐकू येतं आणि आपण धरून चालतो की समोरच्यालाही ते तेवढंच दिसतंय. अमेरिकेत कॉर्नेल विद्यापीठातल्या थॉमस गिलोविच आणि सहकाऱ्यांचा एक प्रयोग 2000 साली प्रसिद्ध झाला. विद्यार्थ्याला ओशाळं वाटेल असा टीशर्ट घालून भरल्या खोलीत पाठवायचं आणि नंतर विचारायचं, कितीजणांच्या लक्षात आलं असेल? अंदाज यायचा साधारण निम्म्या लोकांचा. खरोखर लक्षात आलेलं असायचं जेमतेम एक चतुर्थांश लोकांच्या. थोडक्यात, लोक बघतात, पण आपण धरून चालतो त्याच्या निम्मेच.

आता माझी एक तक्रार, आणि ती जरा लांबेल. आपल्याकडे या भीतीवर दोनच उपाय चालतात, ढकलणं किंवा झाकणं. पाहुणे आले की पोराला पुढे करायचं, 'म्हणून दाखव बघू कविता.' पोर आईच्या मागे लपलं की त्याच्यादेखत जाहीर करायचं, 'आमचा हा भारी लाजाळू.' दहा वेळा हे ऐकलेलं मूल अकराव्या वेळी तसंच वागणार, त्याला ती भूमिकाच नेमून दिलेली असते. झाकण्याचा प्रकार दवाखान्यात बघा. डॉक्टर मुलाला विचारतात, 'नाव काय बाळ तुझं?' आणि सांगते आई. 'पोट कुठे दुखतंय?' तेही आईच सांगते. मूल चार सेकंद गप्प राहिलं की आपल्याला धीर धरवत नाही. मोठेपणी तोच मुलगा फोनवर गॅस नोंदवायला बहिणीला सांगतो. ढकलणाऱ्याला वाटतं आपण धीट करतोय, झाकणाऱ्याला वाटतं आपण सांभाळतोय. मूल मात्र दोन्हीकडून एकच गोष्ट शिकतं, की हे माझ्याने होणारं नाही. आईने चार सेकंदांच्या जागी दहा सेकंद थांबावं, एवढंच मागणं आहे माझं. आणि शिबिरात पहिल्याच दिवशी चाळीसजणांसमोर उत्स्फूर्त भाषण करायला लावतात, ते तर बंदच व्हायला हवं. पायऱ्या न बांधता वरून ढकललेलं मूल पुन्हा त्या शिबिराकडे फिरकत नाही.

पायऱ्यांवरून अल्बर्ट एलिस आठवतो. विवेकनिष्ठ उपचारपद्धतीचा, म्हणजे अविवेकी विचार तपासून भावना बदलायला शिकवणाऱ्या पद्धतीचा, हा जनक. किशोर फडके यांनी ती आपल्याकडे रुजवली, तेव्हा इथे अनेकांना तो माहीत असेल. 1933 साल, न्यूयॉर्कमधली ब्राँक्सची वनस्पतिबाग. एलिस तेव्हा 19 वर्षांचा, मुलींशी बोलायला विलक्षण घाबरणारा. त्याने स्वतःला महिनाभराचा गृहपाठ घालून घेतला. बाकावर एकटी स्त्री दिसली की त्याच बाकावर बसायचं आणि एका मिनिटाच्या आत बोलायला सुरुवात करायची. तो नंतर सांगत असे, की 130 जणींच्या शेजारी बसलो, 30 जणी उठून गेल्या, 100 जणींशी बोलणं झालं. त्यातल्या एकीने भेटायचं कबूल केलं आणि तीही आली नाही! (हशा) पण त्याची भीती गेली. का गेली? त्याने होकार मोजले नाहीत, बोललो की नाही तेवढंच मोजलं. होकार दुसऱ्याच्या हातात असतो, बोलणं आपल्या. आणि 130 वेळा आकाश कोसळलं नाही, हे त्याने डोळ्यांनी पाहिलं. एक सांगून ठेवतो, आज कुणी बागेत एकट्या बाईच्या शेजारी जाऊन हा प्रयोग करू नये. तिला त्याचा त्रास होईल. सरावाला दुकानदार, कंडक्टर, बँकेतली खिडकी आहेत, त्यांचं कामच बोलण्याचं.

चिठ्ठी आली आहे, दहाच मिनिटं उरली. तेव्हा ज्यासाठी आलात ते आता भराभर सांगतो.

घरी गेल्यावर आठ-दहा प्रसंगांची यादी करा आणि प्रत्येकाला 0 ते 100 मध्ये भीतीचे गुण द्या. दुकानात भाव विचारणं 30, घेतलेली वस्तू परत करणं 50, सोसायटीच्या सभेत एक वाक्य बोलणं 80, असं. सुरुवात 30-40 च्या प्रसंगापासून करा. 10 वाल्यातून शिकायला काही नसतं आणि 80 वाल्यातून माणूस पळतो.

प्रसंगाआधी एका ओळीत भाकीत लिहा, तेही तपासता येईल असं. 'वाईट वाटेल' चालणार नाही. 'आवाज कापेल, दुकानदार वैतागेल, मागचे दोघं हसतील', असं लिहा. मग एक कुबडी ठरवून सोडा, एका वेळी एकच. सुट्टे मुठीत धरायचे नाहीत, किंवा वाक्याची तालीम करायची नाही, किंवा सोबतीला मित्र न्यायचा नाही. बोलताना लक्ष बाहेर ठेवा, दुकानदाराच्या शर्टाचा रंग, त्याच्या मागच्या फळीवरचे डबे, तो नेमके कोणते शब्द वापरतो ते. भीती शिगेला असताना काढता पाय घेऊ नका, ठरलेलं वाक्य बोलूनच निघा.

परत आल्यावर तीन ओळी: काय घडलं, भाकीत कितपत खरं ठरलं, पुढच्या वेळी काय बदलायचं. मग वही मिटा. रात्री अंथरुणात 'मी असं का बोललो' हे सुरू झालं, तर तो सराव नव्हे. उजळणीत आठवण दर वेळी थोडी काळी होत जाते.

हे आठवड्यातून चार-पाच वेळा करा, दुकानं आणि वेळा बदलून. फसतं कुठे, तर बहुतेक जण 'भीती वाटली नाही पाहिजे' हे ध्येय ठेवतात. भीती वाटत असतानाही भाकीत खोटं ठरलं, तर सराव फळला. दुसरं, लोक एकदा करून थांबतात. तिसरं, समारंभाआधी दोन पेग घेतात. तीही कुबडीच, आणि सगळ्यांत महागडी. धडधड थांबवणारी गोळी कुणाकडून मागून घेऊ नका. प्रोप्रॅनोलॉल ही तशीच गोळी, दम्याच्या माणसाला ती धोक्याची असते.

भीतीपायी कॉलेज सुटतंय, नोकरी नाकारली जातेय, आणि असं सहा महिने किंवा त्याहून जास्त चाललंय, तर एकट्याने झगडू नका. मानसोपचारतज्ज्ञांकडे जा. या आजारावर बोलण्याचे उपचार चांगले लागू पडतात, औषधंही आहेत, पण त्यांचा गुण दिसायला काही आठवडे लागतात. टेलिमानस या सरकारच्या मानसिक आरोग्याच्या फोनसेवेचा 14416 हा क्रमांक मोफत आहे, मराठीतही बोलता येतं. आणि घरच्यांसाठी: ज्याला फोन करणंच अवघड जातंय, त्याला नंबर लावून द्या, शेजारी बसा. पण पलीकडून 'नाव काय?' असं विचारलं, तर उत्तर त्यालाच देऊ द्या.