पुजाऱ्याचा उमेदवारी अर्ज

(ठाण्यात नौपाड्यात दिलेल्या व्याख्यानाचा संपादित भाग)

मंडळी, ‘साधू-महंत, मौलवी, पाद्री यांना निवडणूक लढवायला कायद्यानेच बंदी करा,’ असं तलावपाळीवर फिरताना कितीदा तरी कानावर येतं. त्यामागची तळमळ मला कळते. तरीही अशा बंदीला माझा ठाम विरोध आहे.

अमेरिकेतल्या टेनेसी राज्याने 1796 च्या घटनेतच धर्मोपदेशकांना विधिमंडळाचं दार बंद केलं होतं. पुढे पॉल मॅकडॅनियल हे बाप्टिस्ट पाद्री 1977 च्या घटना परिषदेसाठी उभे राहिले, तेव्हा प्रतिस्पर्धी सेल्मा पॅटी यांनी त्याच नियमावर बोट ठेवलं. 1978 मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने बंदी मोडीत काढली. उभं राहायचं तर धर्मकार्य सोड, असा पेच सरकारने नागरिकापुढे टाकायचाच नाही! मेक्सिकोत कलम 130 नुसार पाद्र्याला मत देता येतं, पण पदासाठी आधी पाद्रीपण सोडावं लागतं. चर्च आणि शासन यांच्यातला तिथला संघर्ष जुना आणि रक्तरंजित आहे. आपला इतिहास तो नाही.

आपल्या घटनेची कलमं 102 आणि 191 वाचा. लाभाचं पद, दिवाळखोरी, परकीय नागरिकत्व ही अपात्रतेची कारणं त्यांत आहेत. धर्मगुरू असणं नाही. कसं असेल? जेरोम डिसूझा हे जेझुइट धर्मगुरू घटना समितीचे सभासद होते. आसामचे रेव्हरंड निकोल्स-रॉयही होते, आणि आदिवासी भागांच्या स्वायत्ततेची सहावी अनुसूची घडवण्यात त्यांचा मोठा वाटा आहे.

उमेदवाराच्या शपथपत्रात व्यवसायाचा रकाना असतो. तिथे कुणी ‘पौरोहित्य’ लिहिलं म्हणून छाननीत अर्ज बाद होत नाही. पण तोच उमेदवार प्रचारात ‘मला मत दिलं नाहीस तर देवाचा कोप होईल’ म्हणाला, की लोकप्रतिनिधित्व कायद्याचं कलम 123 लागू होतं. धर्माच्या नावाने मत मागणं हेही त्याच कलमाखाली ‘भ्रष्ट आचरण’. हा नियम महंताला आहे, तसाच किराणा दुकानदाराला. मला हे फार मोलाचं वाटतं. कपाळावरचा टिळा किंवा गळ्यातला क्रॉस पाहून कुणाचा हक्क जात नाही. त्याने मतदाराला काय सांगितलं, एवढंच तपासलं जातं.

खरी दुखरी जागा वेगळीच आहे: निकालाला लागणारा उशीर. त्याचं उदाहरण आपल्या शेजारचंच. 1990 च्या विधानसभा निवडणुकीत सांताक्रूझच्या जागेवरून धर्माच्या नावाने मतं मागितल्याचा वाद कोर्टात गेला. उमेदवाराचाच नव्हे, मतदाराचा धर्म पुढे करून मत मागणंही निषिद्ध, हा निकाल सर्वोच्च न्यायालयाच्या सात न्यायाधीशांनी चार विरुद्ध तीन मतांनी दिला तो 2 जानेवारी 2017 रोजी. निवडणूक याचिका सहा महिन्यांत संपवण्याचा प्रयत्न व्हावा, असं लोकप्रतिनिधित्व कायद्याचंच कलम 86 सांगतं. धर्मगुरूंवर बंदी मागणाऱ्यांनी आपला सगळा जोर या सहा महिन्यांसाठी लावावा, अशी माझी कळकळीची विनंती आहे.