पाण्याची मतपत्रिका

मंडळी, पत्रिकेत विषय छापलाय 'परदेशातली सुट्टी आणि आपलं पाणी'. ट्यूलिपची फुलं आणि पवनचक्क्या तुम्ही फोनवर पाहिल्याच आहेत, म्हणून त्यात वेळ घालवत नाही. परत आल्यापासून मनात एकच गोष्ट घोळतेय आणि ती लातूरकरांपुढंच बोलायची होती.

माझी लेक आणि जावई नेदरलँड्समध्ये होफडॉर्पला राहतात. शिफोल विमानतळ जवळच. हा सगळा भाग म्हणजे एका मोठ्या सरोवराचा तळ. 1849 ते 1852 या काळात वाफेच्या पंपांनी ते सरोवर उपसलं. आजही तिथली जमीन समुद्रपातळीच्या चारेक मीटर खाली आहे आणि पंप थांबले तर घरात पाणी शिरेल. तुम्ही म्हणाल, गुरुजी, त्यांना पाणी जास्त झालंय, आपल्याला पुरत नाही, मग त्यांच्याकडून घ्यायचं काय? तेच सांगतो.

मार्च 2023 मध्ये लेकीच्या नावानं टपालानं मतदानाचं पत्र आलं. तिचा पासपोर्ट भारतीय. मला वाटलं चुकून आलं असेल. ती म्हणाली, "नाही बाबा, प्रांताच्या निवडणुकीत मला मत नाही, पण पाण्याच्या निवडणुकीत आहे." तिथं पाण्याचा कारभार पाहणारी मंडळं वेगळी असतात, देशभरात 21. बांध, कालवे, पंप, सांडपाण्याची शुद्धी, सगळं त्यांच्याकडं. त्यांचा कर वेगळा आणि निवडणूकही वेगळी. तिथं कायदेशीर राहणाऱ्या, अठरा वर्षं पूर्ण झालेल्या कुणालाही मत. शेत असो नसो, घर स्वतःचं असो की भाड्याचं.

मी तिच्याबरोबर गेलो. केंद्र शाळेत होतं. बाईंनी हातात दिलेली मतपत्रिका एवढी मोठी की टेबलावर घड्या उलगडाव्या लागल्या. आणि खूण करायला लाल पेन्सिल. शेजारच्या माणसाला दोन पत्रिका, माझ्या लेकीला एकच, पाण्याची. ज्या देशात तिला सरकार निवडता येत नाही, तिथं पाणी कोण सांभाळणार हे तिला ठरवता येतं! मी बाहेर आलो तेव्हा, खरं सांगतो, गळा दाटला होता. कारण मला एप्रिल 2016 आठवला. दुष्काळात मिरजेहून रेल्वेनं लातूरला आलेलं पाणी, टाक्यांभोवती लावलेली जमावबंदी. त्या उन्हाळ्यात घागर घेऊन रांगेत उभ्या असलेल्या एकाही बाईला, धरणातलं पाणी आधी कुठं गेलं हे कुणी विचारलं नव्हतं, की सांगितलंही नव्हतं.

तिथं सगळं गोडीगुलाबीनं चालतं असं समजू नका. शेतकऱ्याला ट्रॅक्टर घालायला कोरडी जमीन हवी, म्हणून कालव्यातली पातळी खाली हवी. पक्षीप्रेमींना ओली कुरणं हवीत. या दोन-चार वितींवरून कडाक्याची भांडणं होतात. पण ती भांडणं मंडळात होतात, आकडे समोर ठेवून. लेकीच्या भागातल्या मंडळाला 1255 साली अधिकृत मान्यता मिळाली. तेव्हा आपल्याकडं देवगिरीवर कृष्णदेव यादव राज्य करत होता. 1953 च्या पुरात त्या देशात 1,836 माणसं गेली, त्यानंतर नुसती धरणं आणि दारं बांधून ते थांबले नाहीत. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत अडीच हजारांच्या वर असलेली ही छोटी मंडळं हळूहळू एकत्र केली.

परत आल्यावर मी एका कार्यालयात गेलो. मांजरा धरणातल्या पाण्याचं यंदाचं वाटप दाखवा, एवढंच मागितलं. साहेबांनी विचारलं, "आपली जमीन लाभक्षेत्रात आहे का?" लाभक्षेत्र म्हणजे धरणाच्या कालव्यानं भिजणारी जमीन. नाही म्हटल्यावर, "मग आपल्याला कशाला पाहिजे?" साहेब भले गृहस्थ होते, चहा पाजला. पण तो प्रश्न मला अजून सलतो. मी या शहरात चाळीसेक वर्षं मुलांना भूगोल शिकवला, याच धरणाचं पाणी प्यायलो, आणि मला कशाला पाहिजे?

चिठ्ठी आलीय, पाचच मिनिटं उरलीत. जे सांगायचं ठरवलं होतं ते आता उरकतो. आपल्याकडं 2005 चा कायदा आहे, पाणीवापर संस्थांना, म्हणजे कालव्याचं पाणी वापरणाऱ्या शेतकऱ्यांच्या संस्थांना, अधिकार देणारा. चांगला कायदा. पण सभासद तोच, ज्याची जमीन लाभक्षेत्रात. शेतमजूर नाही, शहरातला नाही, डोक्यावर हंडा वाहणारी तर नाहीच. शहराच्या आणि गावांच्या पिण्याच्या पाण्यासाठी वेगळे प्रतिनिधी निवडून या संस्थांच्या बरोबरीनं बसवा, ही माझी पहिली मागणी. दुसरी, कालवा सल्लागार समितीची बैठक. 15 ऑक्टोबरचा साठा धरून रब्बीची आवर्तनं, म्हणजे कालव्यात पाणी सोडायच्या पाळ्या, तिथंच ठरतात. त्या बैठकीआधी साठा, बाष्पीभवन, पिण्याचं आरक्षण, उसाला किती आणि ज्वारी-हरभऱ्याला किती, हे सगळं ग्रामपंचायतीच्या आणि नगरपालिकेच्या फळ्यावर लागलं पाहिजे. 2023 चा ऑगस्ट देशात त्याआधीच्या शंभर वर्षांतला सगळ्यात कोरडा गेला, त्यामुळं हे पुढच्या वर्षावर ढकलता येणार नाही. पाणीपट्टीचंही बोलायचं होतं, ते प्रश्नोत्तरांत घेऊ.

अर्ज मी लिहून आणलाय, दाराजवळच्या टेबलावर ठेवलाय. खाली सह्यांना जागा सोडलीय. जमीन नसलेल्यांनी आधी करा.