आईच्या कपड्यांवर काय होता?

नमस्कार मंडळी. मला विषय दिलाय 'आठवणी' आणि वेळ दहा मिनिटं. कागदावर बरंच लिहून आणलंय: कॉलिंग कार्डं, रविवारचं ते "आवाज येतोय का?", बॅगेत फुटलेली लोणच्याची बरणी. पण कागद पर्समध्येच राहू दे. मागच्या आठवड्यात घरी जे झालं, ते डोक्यातून जात नाहीये.

माझी लेक तिच्या तेरा वर्षांच्या मुलीला 'बफी द व्हॅम्पायर स्लेयर' दाखवतेय. रक्तपिपासू भुतांना मारणाऱ्या बफी नावाच्या शाळकरी पोरीची टीव्ही मालिका, १९९७ ते २००३, सात सीझन. आपल्या पोरी मंगळवारी रात्री फोनसुद्धा घ्यायच्या नाहीत, आठवतंय ना? मला कित्येक महिने ते 'बर्फी'च ऐकू यायचं. अथर्वशीर्ष संपतं न संपतं तोच कार्टी रक्तपिपासू भुतं बघायला बसते, म्हणून मी दोनदा टीव्हीची वायर लपवली होती. आता मीच नातीला म्हणते, थांब गं, चहा घेऊन येते, मग लाव.

आपण 'तिन्हीसांजेला केस मोकळे सोडून बाहेर जाऊ नकोस' ऐकत वाढलो. आपल्या गोष्टींत अंधारात गेलेल्या बाईला भूत तरी लागतं, नाहीतर तीच हडळ निघते. ही सोळा वर्षांची पोर मात्र लाकडी खुंटी घेऊन रात्री दफनभूमीत स्वतःहून जाते. आणि शाळा चांगली म्हणून आपण ऐपतीबाहेरची घरं घेतली; हिच्या शाळेच्या ग्रंथालयाखाली साक्षात नरकाचं तोंड!

तर दुसऱ्या सीझनचा शेवट चालला होता. मुलगी रात्री काय करते ते आईला अखेर कळतं. आई विचारते, हे सोडून देऊन पाहिलंस का? मग म्हणते, आता बाहेर पडलीस तर परत येऊ नकोस. मी बोलून गेले, "बिचारी घाबरलीय गं."

लेकीनं टीव्ही थांबवला. "आई, दोन वर्षं ती पोरीच्या कपड्यांवरचं रक्त धुतेय. तिला दिसलं नाही?"

"दिसलं असेल, पण..."

"हो ना. पण!"

आवाज चढले, दोघींचेही. मध्येच नात म्हणाली, "आजी, आईच्या कपड्यांवर काय होता?"

'होता' नाही, 'होतं', असं मी एरवी लगेच सुधारलं असतं. लेक उठून डिशवॉशर लावायला गेली.

रात्रभर आठवत बसले. १९९८, ती नववीत. मला आठवतात भरतनाट्यमच्या फेऱ्या, गणितातले मार्क, गणपतीतल्या नाटकात तिनं केलेली जिजाबाई. आणि कपडे? एक करडा, पूर्ण बाह्यांचा स्वेटशर्ट. भर उन्हाळ्यातही तिनं तो सोडला नाही. मी म्हणायचे, इथल्या पोरींची फॅशन.

नंतर नातीबरोबर तिसरा सीझन सुरू केला. घर सोडून गेलेली मुलगी परत येते. जेवायला घरची चार माणसं बोलवायचं ठरतं आणि बघता बघता घरभर गर्दी, गाणी, गोंगाट. कारण समोरासमोर बसून बोलणं कुणालाच नको असतं. मला थेट आपलं मंडळ दिसलं. रागावू नका, पोळ्या लाटायला मीच सगळ्यांच्या पुढे असते. पण इतक्या वर्षांत आपण एकमेकींना विचारलं काय, तर ॲडमिशन कुठे मिळाली? पोरगी रात्री झोपते का नीट, हे कुणी कुणाला विचारलं? 'आपल्यात नसतं हो असलं काही', हे मीच ह्याच हॉलमध्ये एकीला ऐकवलंय. ती नंतर यायची बंद झाली.

आज येताना गाडीत लेकीला म्हटलं, "तो करडा स्वेटशर्ट आठवतो?"

"आठवतो."

पुढे काही नाही. एक्झिट चुकली, जीपीएस बोलत बसला. मग मी विचारलं, "हे आज तिथे बोलू का?"

"बोल."

ती आत्ता मागे, चहाच्या टेबलापाशी उभी आहे. ऐकतेय का, चेहरा कसा झालाय, मला इथून दिसत नाही. चष्मा त्या कागदाबरोबर पर्समध्येच राहिलाय.