कापसाची पऱ्हाटी, भुईमुगाची आरी

(दृश्य: डिसेंबर. काळ्या रानात वेचून झालेला कापूस. पलीकडे कॅनॉल.)

सोलापूर जिल्ह्यात वर्षाकाठी पाऊस पडतो साधारण 550 मिलिमीटर, आणि त्यातला बराचसा परतीच्या वाटेवर. इथं पाण्याची प्रत्येक पाळी मोजूनमापून द्यावी लागते. ज्यांच्या रानाला विहिरीचं नाहीतर उजनी धरणाचं पाणी पोचतं, त्यांच्यापुढे डिसेंबरात एक मोह उभा राहतो. कापूस वेचून झालाय, पण झाडावर थोडी हिरवी बोंडं आहेत. एक पाणी सोडलं, चार मुठी युरिया टाकला की झाड पुन्हा फुटतं. घ्यावी का ही फरदड, म्हणजे वेचणीनंतरचं हे जादा पीक?

घेऊ नये. का, ते बोंड फोडल्यावर कळतं.

(दृश्य: तळहातावर हिरवं बोंड. अंगठ्यानं दाबून फोडतात.)

वरून टवटवीत, डाग नाही, भोक नाही. आत मात्र सरकी पोखरलेली, कापूस पिवळा पडलेला आणि मधोमध गुलाबी अळी. अंड्यातून बाहेर पडल्यावर ती लगेच बोंडात घुसते, मागे भोक बुजून जातं. मग फवारलेलं औषध तिच्यापर्यंत पोचणार कसं? बोंडअळीला मारणारं जनुक घातलेला बीटी कापूस 2002 साली आला, दोन जनुकांचा 2006 साली. गुलाबी अळीनं दोन्ही पचवले. 2017 च्या हंगामात महाराष्ट्रातल्या शेतकऱ्यांनी त्याची जबर किंमत मोजली.

म्हणून पीक फुलोऱ्यात आलं की डोळ्यांत तेल घालून बघायचं. पाकळ्या मिटून गुंतलेली डोमकळी दिसली की तोडून नष्ट करायची. एकरी दोन कामगंध सापळे, म्हणजे मादीच्या वासानं नर पतंग ओढून घेणारे सापळे, लावायचे. सलग तीन रात्री सापळ्यात आठ-आठ पतंग आले, तर फवारणीची वेळ झाली. आणि दर आठवड्याला रानात फिरून वीस हिरवी बोंडं फोडायची. दोनांत जिवंत अळी निघाली, तरीही वेळ झाली. यातली एक तरी खूण दिसली, तरच औषधाला हात घालायचा. शेजाऱ्यानं फवारलं म्हणून आपणही फवारलं, यात पैसा जातो आणि मित्रकीटकही मरतात.

शेवटची वेचणी झाली की मेंढरं बसवा. उरलेली बोंडं ती खाऊन टाकतात, वर लेंडीखत मिळतं. पऱ्हाट्या, म्हणजे कापसाची वाळकी झाडं, बांधावर रचून ठेवू नका. तिथंच अळी पुढच्या पावसाची वाट बघत पडून राहते.

(दृश्य: मोकळं रान. कुळवाची पाळी घालून सरी-वरंबा पडतोय.)

आता ते फरदडीचं पाणी भुईमुगाला द्या. 15 जानेवारी ते 15 फेब्रुवारी हा उन्हाळी भुईमुगाचा पेरा. डिसेंबरात रान मोकळं झालं, तरच तो साधतो. गुलाबी अळीला भुईमुगावर खायला काही नाही, आणि मुळांवरच्या गाठी जमिनीत नत्र धरतात. मेपर्यंत पाणी पुरणार असेल तरच मात्र यात पडावं. विहीर मार्चमध्ये तळ गाठणार असेल, तर हरभऱ्यावर समाधान मानलेलं बरं.

पीक महिन्याचं होतं आणि शेंडे पिवळे पडू लागतात. घाईनं युरिया टाकला जातो. थांबा, पान हातात घेऊन बघा. कोवळं पान पिवळं आणि शिरा हिरव्या, तर ती नत्राची नाही, लोहाची कमतरता. आपल्या चुनखडीच्या रानात ती हमखास दिसते. दहा लिटर पाण्यात पन्नास ग्रॅम हिराकस (फेरस सल्फेट) आणि थोडं सायट्रिक आम्ल मिसळून फवारलं की पीक पुन्हा हिरवं होतं.

(दृश्य: बाई खुरपं बाजूला ठेवून रोपाचा बुडखा उघडा करतात.)

फूल गळाल्यावर तिथून सुईसारखी ही आरी निघते आणि जमिनीत शिरते. तिच्या टोकाला शेंग धरते. शेंगेला लागणारा चुना, म्हणजे कॅल्शियम, ती भोवतालच्या मातीतूनच शोषते, मुळातून आलेला पुरत नाही. म्हणून हा चुना देणाऱ्या जिप्समची अर्धी मात्रा, एकरी ऐंशी किलो, पेरताना आणि तेवढीच आऱ्या सुटताना, ओळीच्या कडेनं. नाहीतर टरफल मोठं आणि आत दाणा पोचट. आऱ्या जमिनीत गेल्या की ओळींमधलं कोळपं बंद, कारण तुटलेली आरी पुन्हा धरत नाही. याच दिवसांत आणि दाणे भरताना रान तहानलं, तर आधी दिलेलं सगळं पाणी वाया जातं.

(दृश्य: मे. एक झाड उपटून दाखवतात.)

"आबा, काढायला झालंय का?"

"टरफल फोड की. आतनं काळं पडलंय नव्हं? मग धर उपटायला."

पाला जनावरांना जातो. शेंगा ओल्या असताना ढीग लावला, तर बुरशी धरते आणि तिचं विष दाण्यात उतरतं. शेंगाचटणीसाठी असला माल कुणी घेऊ नये. पातळ पसरून वाळवा, ओलावा आठ टक्क्यांवर येऊ द्या. कानाजवळ शेंग हलवली की दाणा खुळखुळला पाहिजे. मगच पोती शिवा.