जुना नव्हे, नवा

नमस्कार, श्रोते हो. लिम्फोमा, म्हणजे लसिकाग्रंथींचा कर्करोग, बरा झाला तरी पुढे काही वर्षांनी तोंडात दुसरा कर्करोग होऊ शकतो. दुसरा, हं. जुना उलटलेला नव्हे. हा फरक मला एका गुरुजींनी शिकवला.

गुरुजी व्याकरणाचे शिक्षक. माझ्याकडे आले ते दाढेची तक्रार घेऊन. "डॉक्टर, ही दाढ जिभेला घासते. जरा कानस मारा." जिभेच्या कडेला लहानसा व्रण होता, दुखत नव्हता. मी दाढ गुळगुळीत केली आणि म्हटलं, दोन आठवड्यांत भरला नाही तर या. पंधराव्या दिवशी सकाळी गुरुजी दारात हजर! व्रण तस्साच. तुकडा काढून तपासायला पाठवला. हो, तुकडा काढल्यानं कर्करोग पसरतो ही समजूत सोडा आता. रिपोर्ट वाईट आला. गुरुजींनी विचारलं, "जुनाच फिरून आला का?"

कुठला जुना? तेव्हा कळलं, १४ वर्षांपूर्वी लिम्फोमासाठी त्यांच्या मानेला किरणांचा शेक दिला होता. मी विचारलं नव्हतं. दाढेचा नि मानेचा काय संबंध, म्हणून त्यांनीही सांगितलं नव्हतं.

"नाही गुरुजी, हा नवा."

"बरं. म्हणजे पुनरुक्ती नाही!"

त्यांची फाइल चाळली. दरवर्षी मान चाचपलेली, काखा चाचपलेल्या, पोटसुद्धा. तोंड उघडायला सांगितल्याची नोंद कुठेच नाही. आम्ही डॉक्टर हल्ली माणसापेक्षा कॉम्प्युटरकडेच जास्त बघतो. असो.

किरणांचा घाव निरोगी पेशींवरही बसतो आणि त्याचं फळ पुष्कळदा दहा वर्षांनंतर दिसतं. आजारानं, औषधांनी प्रतिकारशक्तीही खालावते. उपचारात दात्याच्या, म्हणजे दुसऱ्या माणसाच्या, रक्त तयार करणाऱ्या मूळपेशी घेतलेल्यांना धोका आणखी. त्यात तंबाखू असली तर बघायलाच नको. गुरुजींनी मात्र ती कधी शिवलीही नव्हती.

तेव्हा लिम्फोमा होऊन गेला असेल तर दातांच्या डॉक्टरांना ते आधी सांगा. विचारलं नाही तरी सांगा. दोन आठवड्यांत न भरणारा व्रण, पुसून न जाणारा पांढरा किंवा लाल चट्टा लगेच दाखवा. दुखत नसला तरी. दोन आठवडे, लक्षात ठेवा.

गुरुजींच्या जिभेची एक कड काढावी लागली. बोलतात छान, फक्त 'ळ' गेला. परवा फोनवर म्हणाले, "कायजी करू नका, डॉक्टर. माझ्या निम्म्या वर्गाला तरी तो कुठे जमत होता!"